रिग्रेशन शिकायचंय? आधी चौदा घरं, मग नागपूरचं घरभाडं

रिग्रेशन म्हणजे एका गोष्टीचा (समजा घराच्या किमतीचा) दुसऱ्या गोष्टींशी (समजा क्षेत्रफळाशी) असलेला संबंध डेटावरून समीकरणात मांडणं. ते चालवायला अर्धा मिनिट पुरतो. मेनूत जा, डावीकडचं चल उजवीकडे ढकला, ओके दाबा. आकड्यांनी भरलेली खिडकी उघडते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचं खरं अडतं ते त्यानंतर. ती खिडकी काय सांगतेय, किती खात्रीने सांगतेय आणि तिच्यातला एखादा आकडा डेटातल्या नेमक्या कुठल्या ओळींच्या जिवावर उभा आहे, हे ओळखायला सराव लागतो. त्या सरावासाठी आधी सगळ्यांच्या संगणकावर सारखाच असणारा एक छोटा डेटा घेऊ, म्हणजे तुमची उत्तरं इथल्या उत्तरांशी ताडून बघता येतील. मग नागपुरातल्या घरभाड्याचा स्वतःचा डेटा उभा करू. शेवटी थोडं नागपूरच्या कळमना बाजारातल्या संत्र्यांबद्दल, कारण तिथे हीच पद्धत सरळसोट वापरली की हमखास फसते.

मराठी पुस्तकांत रिग्रेशनला प्रतिगमन, प्रतीपगमन असे शब्द भेटतात. वर्गात सगळे रिग्रेशनच म्हणतात, इथेही तेच.

सॉफ्टवेअर

स्टाटा, एसपीएसएस, ईव्ह्यूज ही विकतची. कॉलेजच्या लॅबमध्ये असतील तर जरूर वापरा, पण घरी लॅपटॉपवर क्रॅक केलेली प्रत टाकू नका. व्हायरस येतो तो वेगळाच, आणि प्रबंधात 'अमुक सॉफ्टवेअर वापरले' असं लिहिताना पंचाईत होते. आर फुकट आहे आणि ताकदवान आहे, मात्र पहिला महिना कंस आणि स्वल्पविराम शोधण्यात जातो. एक्सेलच्या डेटा अ‍ॅनालिसिस टूलपॅकमध्ये रिग्रेशन मिळतं. पण स्वतंत्र चलांचे सगळे कॉलम एकमेकांना लागूनच असावे लागतात, सोळापेक्षा जास्त चलं घेता येत नाहीत आणि रोबस्ट स्टँडर्ड एररची सोय नाही. ही शेवटची उणीव मोठी आहे, पुढे कळेल.

नवशिक्याने ग्रेटलपासून सुरुवात करावी. ते मोफत आणि मुक्तस्रोत आहे, अर्थमितीसाठीच बनवलेलं आहे, विंडोज-मॅक-लिनक्स तिन्हींवर चालतं आणि जुन्या लॅपटॉपवरही जड जात नाही. पुढे संशोधनाकडे वळलात तर आर शिकालच. तेव्हा रिग्रेशन आधीच कळलेलं असेल आणि फक्त नवी भाषा शिकावी लागेल. मेनूंची इंग्रजी नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. आवृत्तीनुसार एखादा पर्याय शेजारच्या मेनूत सापडेल.

चौदा घरं

ग्रेटल उघडा. फाइल, ओपन डेटा, सॅम्पल फाइल. एक खिडकी येईल, तिच्यात रामनाथन नावाचा टॅब आहे. त्याखाली 'डेटा४-१' ही फाइल उघडा. अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहरातल्या एका भागात १९९० साली विकलेली १४ घरं यात आहेत. प्राइस म्हणजे किंमत, हजार डॉलरमध्ये. एसक्यूएफटी म्हणजे क्षेत्रफळ, चौरस फुटांत. शिवाय बेडरूम आणि बाथरूमची संख्या. नागपूरचा विद्यार्थी सॅन डिएगोच्या घरांचं काय करणार, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर एवढंच, की १४ ओळी डोळ्यांनी वाचता येतात. हजार ओळींचा डेटा कुणी वाचत नाही आणि मग चुका लपतात.

लगेच मॉडेलकडे धावू नका. चारही चलं निवडून राइट-क्लिक करा, डिस्प्ले व्हॅल्यूज. सगळी १४ घरं खालपर्यंत बघा. सर्वांत लहान घर १,०६५ चौरस फुटांचं, सर्वांत मोठं ३,०००. सर्वांत महाग घर मात्र ३,००० वालं नाही. ते २,६०० चौरस फुटांचं असून ५०५ हजार डॉलरला गेलंय. हे घर लक्षात ठेवा. मग व्ह्यू, ग्राफ स्पेसिफाइड व्हेअर्स, एक्स-वाय स्कॅटर. आडव्या अक्षावर क्षेत्रफळ, उभ्यावर किंमत. ठिपके साधारण एका रेषेच्या आसपास दिसतील आणि ५०५ वाला एकटाच वर तरंगताना दिसेल.

आता मॉडेल, ऑर्डिनरी लीस्ट स्क्वेअर्स. निळ्या बाणाने प्राइस अवलंबी चलाच्या चौकटीत ढकला, हिरव्या बाणाने एसक्यूएफटी स्वतंत्र चलांच्या यादीत. तिथे 'कॉन्स्ट' आधीपासून बसलेला असतो, त्याला हात लावू नका. ओके.

तुमच्या खिडकीत हे आकडे आले पाहिजेत: कॉन्स्ट ५२.३५०९, एसक्यूएफटीचा सहगुणक (कोएफिशंट, म्हणजे रेषेचा उतार) ०.१३८७५०, त्याचा स्टँडर्ड एरर (त्या अंदाजातली अनिश्चितता) ०.०१८७३२९, टी-रेशो ७.४०७, आर-स्क्वेअर (किमतींमधल्या फरकाचा जेवढा हिस्सा मॉडेल समजावतं तो) ०.८२०५२२. नाही आले तर फाइल चुकली किंवा चलं उलटसुलट ढकलली.

एकेक वाचू. किंमत हजार डॉलरमध्ये आहे, म्हणून ०.१३८७५ म्हणजे दर चौरस फुटामागे सुमारे १३९ डॉलर. एकक विसरलं की 'क्षेत्रफळाचा परिणाम अगदी नगण्य, फक्त ०.१४' असं वाक्य प्रबंधात जातं. सहगुणकाचा लहान-मोठेपणा एककावर ठरतो; क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये घेतलं तर हाच आकडा जवळपास १०.७६ पट होईल आणि टी-रेशो जागचा हलणार नाही.

टी-रेशो म्हणजे सहगुणक भागिले स्टँडर्ड एरर. कॅल्क्युलेटरवर एकदा करून बघा, ७.४०७ येतं. पी-व्हॅल्यू, म्हणजे संबंध मुळात नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा टी येण्याची शक्यता, तिथे ८.२०ई-०६ अशी छापलेली दिसेल. हा आकडा आठ पूर्णांक वीस नाही. 'ई-०६' म्हणजे दशांशचिन्ह सहा घरं डावीकडे सरकवा: ०.००००० नंतर ८२. पी-व्हॅल्यू एकपेक्षा मोठी असूच शकत नाही, तरी 'पी = ८.२०' लिहिलेले तक्ते दरवर्षी दिसतात. शेजारचे तीन तारे म्हणजे १ टक्का पातळीला लक्षणीय, दोन म्हणजे ५ टक्के, एक म्हणजे १० टक्के.

ताऱ्यांपेक्षा विश्वासमर्यादा उपयोगी. मॉडेलच्याच खिडकीत अ‍ॅनालिसिस, कॉन्फिडन्स इंटरव्हल्स फॉर कोएफिशंट्स. इथे ९५ टक्के मर्यादा सुमारे ०.०९८ ते ०.१८० येते. म्हणजे चौरस फुटाचा भाव ९८ डॉलर असू शकतो किंवा १८०. तीन तारे लागलेल्या आकड्यातही केवढी ढिलाई आहे बघा. १४ घरांकडून याहून जास्त मागता येत नाही.

कॉन्स्ट ५२.३५ म्हणजे शून्य चौरस फुटांच्या घराची किंमत. असं घर नसतं. डेटातलं सर्वांत लहान घर १,०६५ चं आहे आणि रेषा त्याच्याही डावीकडे ताणत नेल्यावर हा आकडा येतो. त्याचा अर्थ लावू नका. त्याला तारे नाहीत म्हणून काढूनही टाकू नका: कॉन्स्ट काढला की रेषा जबरदस्तीने शून्यातून जाते, उतार बिघडतो आणि आर-स्क्वेअरची व्याख्याच बदलते, त्यामुळे आधीच्याशी तुलना करता येत नाही.

बेडरूम वाढली की किंमत घटते?

आता याच मॉडेलमध्ये बेडरूमची संख्या घाला. एसक्यूएफटी ०.१४८३ होतो आणि बेडरूमचा सहगुणक येतो उणे २३.९. एक बेडरूम वाढली की घर २३,९०० डॉलरने स्वस्त! पहिल्यांदा हे बघणारा विद्यार्थी एक तर सॉफ्टवेअरला दोष देतो किंवा उणे चिन्ह गुपचूप खोडतो.

ठरलेलं उत्तर असं: सहगुणक 'बाकीचं तेच ठेवून' वाचायचा. क्षेत्रफळ तेवढंच ठेवून एक खोली जास्त काढली तर प्रत्येक खोली लहान होते, हॉल आक्रसतो, म्हणून किंमत घटू शकते. तर्क बरोबर आहे आणि परीक्षेत त्याला गुण मिळतात. पण या डेटात खरंच तसं घडलंय का? पी-व्हॅल्यू सुमारे ०.३५ आहे, म्हणजे पुरावा तसाही कच्चा. आता ते ५०५ वालं घर पुन्हा बघा. त्यात बेडरूम ३ आहेत. तीन बेडरूमची बाकीची चारही घरं लहान आणि स्वस्त, १,०६५ ते १,६०० चौरस फुटांची. तीन बेडरूमच्या गटात एकच मोठं, महाग घर आहे आणि ते रेषेच्या कितीतरी वर आहे: पहिल्या मॉडेलप्रमाणे त्याची किंमत ४१३ हजार यायला हवी होती, प्रत्यक्षात ९२ हजारांनी जास्त आहे.

सॅम्पल, रिस्ट्रिक्ट, बेस्ड ऑन क्रायटेरियन. तिथे 'प्राइस ५०० पेक्षा कमी' अशी अट रोमन अक्षरांत टाका. १३ घरं उरतील. तेच मॉडेल पुन्हा चालवा. बेडरूमचा सहगुणक आता अधिक २८.७ च्या आसपास येतो आणि क्षेत्रफळाचा ०.१०४ वर उतरतो. एका घराने चिन्ह फिरवलं. हा नवा सहगुणकही लक्षणीय नाही, टी जेमतेम १.३५. म्हणजे बेडरूमबद्दल हा डेटा काहीच ठामपणे सांगत नाही, ना इकडचं ना तिकडचं. आक्रसणाऱ्या खोल्यांचा तो सुंदर तर्क एकट्या घराच्या खांद्यावर उभा होता.

मग ते घर काढून टाकायचं? नाही. नोंद चुकीची असल्याचा पुरावा असेल तरच ओळ काढा. नसेल तर दोन्ही निकाल शेजारी-शेजारी द्या आणि फरक कशामुळे पडतो ते दोन वाक्यांत लिहा. व्हायवाला बसलेल्या परीक्षकाला हे दोन कॉलम तीन ताऱ्यांपेक्षा जास्त पटतात. काम झालं की सॅम्पल, रिस्टोअर फुल रेंज करायला विसरू नका. नाहीतर पुढची सगळी मॉडेलं १३ घरांवर चालत राहतील आणि ग्रेटल काही तुम्हाला हटकणार नाही. प्रत्येक निकालाच्या पहिल्या ओळीत किती निरीक्षणं वापरली ते छापलेलं असतं, तिकडे आधी नजर टाका.

याच तीन मॉडेलांत आर-स्क्वेअरची गंमतही दिसते. एकट्या क्षेत्रफळाला ०.८२०५, बेडरूम घातल्यावर ०.८३४७, बाथरूमही घातल्या तर ०.८३६०. वाढतच जातो, कारण कुठलंही चल घातलं तरी तो घटत नाही. त्या घरमालकाच्या चपलेचा नंबर घातला तरी वाढेल. अ‍ॅडजस्टेड आर-स्क्वेअर त्याच क्रमाने ०.८०५६, ०.८०४६, ०.७८६८ असा उतरतो.

नागपूरचं घरभाडं: डेटा गोळा करताना

पहिल्या प्रकल्पासाठी घरभाडं हा चांगला विषय. प्रत्येकाच्या ओळखीत दहा भाडेकरू असतातच आणि प्रश्न विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. नमुना किती हवा? एका स्वतंत्र चलामागे १० ते १५ निरीक्षणं हा ठोकताळा धरा. पाच चलं असतील तर ६०–७० घरं. पण एकाच इमारतीतले १२ फ्लॅट म्हणजे १२ वेगळ्या माहित्या होत नाहीत; मालक तोच, पाणी तेच, रस्ता तोच. धरमपेठ, प्रतापनगर, मानेवाडा, नंदनवन अशा चार-पाच वस्त्या घ्या आणि एका इमारतीतून दोनपेक्षा जास्त घरं घेऊ नका.

प्रश्न विचारताना चार गोष्टी पक्क्या करा. भाडं म्हणजे दरमहा प्रत्यक्ष दिलं जाणारं. जाहिरातीत मागितलेलं नाही. मेंटेनन्स त्यात धरलाय की वेगळा, हे वेगळ्या कॉलमात. क्षेत्रफळ कार्पेट की सुपर बिल्ट-अप; बहुतेकांना सुपर बिल्ट-अपच माहीत असतं, म्हणून सगळ्यांकडून एकच घ्या आणि कुठलं घेतलं ते लिहा. भाडेकरार कधीचा: सहा वर्षं तिथेच राहणाऱ्या कुटुंबाचं भाडं आजच्या बाजारभावाचं नसतं, त्यामुळे 'किती वर्षांपासून राहता' हा कॉलम हवाच.

आता मजला. हौशी विद्यार्थी मजल्याचा आकडा जसाच्या तसा मॉडेलमध्ये घालतो. त्याचा अर्थ असा होतो, की पहिल्यावरून दुसऱ्यावर गेल्यावर भाडं जेवढं बदलतं तेवढंच तिसऱ्यावरून चौथ्यावर जाताना बदलतं. नागपुरात हे टिकत नाही. शेवटच्या मजल्यावर एप्रिल-मे महिन्यांत स्लॅब असा तापतो की रात्रीही कूलर हात टेकतो. वरच्या मजल्याचं भाडं कमी असण्याला तेच कारण असू शकतं. शिवाय लिफ्ट नसेल तर तिसरा मजला म्हणजे शिक्षा, लिफ्ट असेल तर तोच मोकळा आणि हवेशीर. म्हणून दोन चलं करा: 'शेवटचा मजला' हो असेल तर १, नाहीतर ०, आणि मजल्याचा आकडा गुणिले 'लिफ्ट नाही'. स्थानिक माहिती मॉडेलमध्ये शिरते ती अशी. कुठलंही पाठ्यपुस्तक हे चल सुचवणार नाही.

मेट्रोपासूनचं अंतर घ्यायचं तर चालण्याचं घ्या, नकाशावरचं सरळ रेषेतलं नाही. मध्ये रेल्वेलाइन किंवा नाग नदी आली की चारशे मीटरचे सव्वा किलोमीटर होतात. ऑरेंज आणि अ‍ॅक्वा या दोन मार्गांपैकी जवळचं स्टेशन धरा.

शीट भरताना काय बिघडतं

एक ओळ म्हणजे एक घर, एक कॉलम म्हणजे एक चल, पहिल्या ओळीत नावं. बस. वर मोठं शीर्षक, मध्ये मर्ज केलेले सेल, खाली बेरीज, असलं काही नको; ग्रेटल 'एकूण' ची ओळही एकाहत्तरावं घर समजेल. नावं रोमन अक्षरांत, पहिलं अक्षर आकडा नसलेली, मध्ये जागा न सोडलेली ठेवा. लहान-मोठ्या अक्षरांत ग्रेटल फरक करतं.

सर्वांत जास्त वेळ खाणारी अडचण म्हणजे आकड्यासारखा दिसणारा मजकूर. '१२,५००' मधला स्वल्पविराम, '९००० रु.' मधला रु., '८०० च्या आसपास', आणि मराठी कीबोर्डवर टाइप केलेले देवनागरी आकडे. यांपैकी काहीही एका सेलमध्ये असलं तरी अख्खा कॉलम मजकूर ठरू शकतो. डेटा घेतल्याबरोबर व्ह्यू, समरी स्टॅटिस्टिक्स बघा: किमान, कमाल, सरासरी. कमाल भाडं ८५,००० दिसलं तर बहुधा ८,५०० ला एक शून्य जास्त लागलंय. क्षेत्रफळाचं किमान ६५ असेल तर कुणीतरी चौरस मीटर सांगितलेत.

माहिती मिळाली नाही तर सेल रिकामा ठेवा. ० टाकू नका. शून्य हा आकडा आहे, 'माहीत नाही' हा आकडा नाही. एक्सेलची फाइल ओपन डेटा, यूजर फाइल मधून उघडली की ग्रेटल शीट आणि सुरुवातीचा सेल विचारतं, मग हा डेटा काळानुसार आहे का ते विचारतं. घरभाड्याला 'नो' म्हणा.

मॉडेल बांधणं

भाड्याचं वितरण एका बाजूला लांब शेपूट असलेलं असतं: बरीच घरं स्वस्त, थोडी फार महाग. म्हणून भाड्याचा लॉग घ्या. भाडं आणि क्षेत्रफळ निवडून अ‍ॅड, लॉग्ज ऑफ सिलेक्टेड व्हेरिएबल्स. नव्या चलांच्या नावापुढे 'एल_' लागतं. आता वाचण्याची रीत बदलते. दोन्हीकडे लॉग असेल तर सहगुणक म्हणजे लवचिकता: समजा ०.७ आला, तर क्षेत्रफळ १० टक्क्यांनी वाढल्यावर भाडं साधारण ७ टक्क्यांनी वाढतं. डावीकडे लॉग आणि उजवीकडे हो-नाहीचं चल असेल तर सरळ शंभरने गुणू नका. 'फर्निश्ड' चा सहगुणक समजा ०.२५ आला, ई चा ०.२५ वा घात १.२८४, म्हणून भाडं २८.४ टक्के जास्त. लहान आकड्यांना फरक पडत नाही, मोठ्यांना पडतो.

वस्त्या चार असतील तर डमी (हो-नाहीची, १-० अशी चलं) तीनच घाला. चारही घातल्या तर त्यांची बेरीज प्रत्येक ओळीत १ येते आणि कॉन्स्टही १ च असतो. एकच गोष्ट दोनदा सांगितल्यासारखं होतं आणि समीकरण सुटत नाही. ग्रेटल अशा वेळी स्वतःच एक चल गाळतं आणि तसं कळवतं. कुठली वस्ती पायाभूत ठेवायची हे त्याच्यावर सोडू नका. नंदनवन पायाभूत असेल तर धरमपेठेचा सहगुणक म्हणजे 'नंदनवनपेक्षा किती', आणि हे तक्त्याखाली लिहावं लागतं. वस्त्यांना १, २, ३, ४ असे नंबर देऊन तो कॉलम तसाच घालणं ही चूक इतकी होते की वेगळी सांगतो: त्याचा अर्थ मानेवाडा म्हणजे दोन धरमपेठा असा काहीतरी होतो.

आता तपासण्या. सगळ्याच चालवून दहा पानांचं परिशिष्ट जोडायची गरज नाही, तीन पुरेत.

मॉडेलच्या खिडकीत ग्राफ्स मधून रेसिड्युअलचा (प्रत्यक्ष आकडा आणि मॉडेलचा अंदाज यांतल्या फरकाचा) आलेख काढा, आडव्या अक्षावर क्षेत्रफळ. ठिपके डावीकडे आवळलेले आणि उजवीकडे पसरलेले असतील, भोंग्यासारखे, तर हेटरोस्केडॅस्टिसिटी आहे. टेस्ट्स मधून व्हाइटची चाचणी करा. तिचं शून्य गृहीतक 'पसारा सगळीकडे सारखा' असं असतं, म्हणून पी-व्हॅल्यू लहान आली तर अडचण आहे. इथे अनेकजण उलटं वाचतात. उपाय सोपा: ओएलएसच्या (ऑर्डिनरी लीस्ट स्क्वेअर्सच्या) चौकटीत 'रोबस्ट स्टँडर्ड एरर्स', म्हणजे पसारा असमान असला तरी चालणारे स्टँडर्ड एरर, यावर टिक करा आणि पुन्हा चालवा. सहगुणक जिथल्या तिथे राहतील, फक्त स्टँडर्ड एरर आणि पी-व्हॅल्यू बदलतील. सहगुणकही बदलले तर समजा, मॉडेलच दुसरं चालवलंय. खरं तर सर्वेक्षणाच्या डेटाला ही टिक पहिल्यापासूनच असू द्या.

दुसरी तपासणी कोलिनिअरिटीची, म्हणजे स्वतंत्र चलं एकमेकांशीच फार जुळलेली आहेत का याची. ते मोजणारा आकडा, व्हीआयएफ, १० च्या वर गेला तर ग्रेटल इशारा देतं. क्षेत्रफळ आणि खोल्यांची संख्या सोबत घातली की तो चढतो. म्हणून लगेच एक चल हाकलू नका. दोघांपैकी तुमचा प्रश्न कशाबद्दल आहे ते ठरवा. फक्त क्षेत्रफळाचा परिणाम हवा असेल आणि त्याचा स्टँडर्ड एरर आवरता असेल, तर व्हीआयएफ कितीही असो, बिघडत नाही.

तिसरी रॅम्सेची रीसेट चाचणी. पी-व्हॅल्यू लहान आली तर सरळ रेषा कमी पडतेय. वर्गाचं किंवा लॉगचं पद घालून बघा.

कुठलीच चाचणी पकडत नाही अशी एक अडचण उरते: सुटलेलं चल. इमारतीचं वय विचारलंच नाही, आणि मेट्रोजवळच्या इमारती बहुतांश नव्या निघाल्या, तर नवेपणाचं भाडं मेट्रोच्या खात्यात जमा होतं. सगळ्या तपासण्या पास होऊनही 'मेट्रोमुळे भाडं वाढलं' हे वाक्य चुकीचं ठरू शकतं. म्हणून प्रश्नावली छापायच्या आधीच कागदावर दोन कॉलम आखा: भाड्यावर कशाकशाचा परिणाम होतो, आणि त्यातलं काय काय मेट्रोच्या अंतराशीही जोडलेलं आहे. दोन्ही कॉलमांत येणारं प्रत्येक चल विचारलंच पाहिजे.

कळमन्याची संत्री

बाजार समितीच्या आकडेवारीचा मोह नागपुरात प्रत्येकाला होतो. अ‍ॅगमार्कनेट या बाजारभावांच्या सरकारी संकेतस्थळावर आवक आणि किमान, कमाल, मोडल (सर्वाधिक व्यवहारांचा) दर मिळतात; लॉग दराचं लॉग आवकेवर रिग्रेशन केलं की मागणीची लवचिकता हातात, असं वाटतं. इथे तीन खड्डे आहेत.

पहिला अर्थशास्त्राचाच. दर आणि आवक दोन्ही एकाच वेळी ठरतात. आवक वाढली की दर पडतो, हे खरं. पण दर चढलेला दिसला की शेतकरी तोड लवकर करतो आणि माल जास्त येतो, हेही खरं. ठिपक्यांमध्ये मागणी आणि पुरवठा दोन्ही वक्र मिसळलेले असतात आणि ओएलएस त्यांची खिचडी मोजतं. सुटका करायला पुरवठा हलवणारं पण मागणीला न शिवणारं काहीतरी लागतं, उदाहरणार्थ बहराच्या काळातली गारपीट किंवा अवकाळी पाऊस, आणि मग टू-स्टेज लीस्ट स्क्वेअर्स. पहिल्या प्रकल्पात हे झेपत नसेल तर निकालाला 'मागणीची लवचिकता' म्हणू नका, 'आवक आणि दर यांचा संबंध' म्हणा. तेवढ्यानेही काम प्रामाणिक होतं.

दुसरा खड्डा हंगामाचा. आंबिया बहराचं फळ साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतं, मृगाचं फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. दोन्हींची चव, टिकाऊपणा आणि गिऱ्हाईक वेगळं. महिन्यांच्या डमी न घालता सगळं एकत्र केलं तर बहरातला फरक आवकेच्या नावावर जातो. मधल्या महिन्यांत आवक शून्य असते आणि शून्याचा लॉग निघत नाही; त्या ओळी मॉडेलमधून गळतात. तुम्हाला वाटतं ६० महिने, निकालावर असतात ४१.

तिसरा काळाचा. दहा वर्षांत संत्र्याचा दर वाढला, पेट्रोलचा वाढला, कॉलेजची फीही वाढली. चढत जाणारी कुठलीही दोन चलं घ्या, आर-स्क्वेअर ०.९ च्या घरात जाऊ शकतो आणि संबंध मात्र काहीच नसतो. ग्रेटलला डेटा मासिक असल्याचं सांगितलं असेल तर निकालाखाली डर्बिन-वॉटसन छापून येतो; लागोपाठच्या महिन्यांचे रेसिड्युअल एकमेकांशी जोडलेले आहेत का, ते हा आकडा सांगतो. तो २ च्या जवळ हवा. ०.३ वगैरे दिसला आणि आर-स्क्वेअर त्याहून मोठा असेल तर थांबा. व्हेरिएबल मेनूतून युनिट रूट टेस्ट (चल एका पातळीभोवती राहतं की भरकटत जातं ते तपासणारी) करा, गरज पडल्यास अ‍ॅड मधून लॉग डिफरन्स घ्या आणि पातळीऐवजी बदलावर रिग्रेशन करा. आर-स्क्वेअर धाडकन खाली येईल. येऊ द्या.

एक बारीक पण महागात पडणारी गोष्ट: आवक टनांत आहे की क्विंटलमध्ये, हे स्रोतानुसार बदलतं. दोन ठिकाणचा डेटा जोडताना आधी एकक जुळवा.

जपून ठेवणं आणि लिहिणं

माउसने केलेलं काम आठवड्याने आठवत नाही. टूल्स मेनूत कमांड लॉग असतो. तुम्ही जे जे मेनूतून केलं ते त्यात आज्ञांच्या रूपात लिहिलेलं सापडतं. तो स्क्रिप्ट म्हणून सेव्ह करा. गाइड म्हणाले की 'दोन घरं काढून पुन्हा चालवा', तर स्क्रिप्टमध्ये एक ओळ घालायची आणि रन दाबायचं. मूळ सर्वेक्षणाची फाइल कधीच बदलू नका. दुरुस्त्या दुसऱ्या प्रतीत करा आणि कुठल्या घराची काय दुरुस्ती केली ते वेगळ्या कॉलमात लिहा.

प्रबंधात सॉफ्टवेअरच्या खिडकीचा फोटो चिकटवू नका. तक्ता स्वतः बनवा: प्रत्येक चलापुढे सहगुणक, त्याखाली कंसात स्टँडर्ड एरर, तळाशी निरीक्षणांची संख्या, आर-स्क्वेअर, स्टँडर्ड एरर रोबस्ट आहेत की साधे, आणि पायाभूत वस्ती कुठली. दशांशाची तीन स्थळं पुष्कळ झाली. ७० घरांच्या सर्वेक्षणावरून ०.१३८७५०२ लिहिण्यात काही अर्थ नाही. पी-व्हॅल्यू ०.००० अशी छापून आली तर 'पी < ०.००१' लिहा. एकच मॉडेल देण्याऐवजी तीन-चार कॉलम द्या: आधी फक्त क्षेत्रफळ, मग मजला-लिफ्ट, मग वस्त्या. क्षेत्रफळाचा सहगुणक पहिल्या कॉलमातून चौथ्यापर्यंत कसा सरकतो त्यावर एक परिच्छेद लिहा, आणि तो लिहायच्या आधी रेसिड्युअल सर्वांत मोठे असलेल्या तीन घरांच्या ओळी मूळ प्रश्नावलीशी पडताळून या.